पाण्याच्या वाटेवरची पेटी

१० जानेवारी १९६०
डबल बास नाताळपासून कोपऱ्यात. डॉक्टरांचं म्हणणं, उजवा हात शाबूत हवा असेल तर हे धूड उचलणं बंद. मेव्हण्याने बोटीवरून आणलेला बास गिटार पलंगावर पडलाय. दिसायला देखणा, पण आवाज पोटात नाही. स्पीकरच्या पेटीतून काढावा लागतो. आता पेटी शोधायची.
रोझीचं लग्न पुढच्या महिन्यात, उपवासाचे दिवस लागण्याआधी. आदल्या दिवशी वरळीला, थोरल्या भावाच्या घरून, तिच्या न्हाणाचं पाणी आणायला विहिरीवर जायचं. बायका हंडे घेऊन, पुढे बँड. इतकी वर्षं बँडमध्ये आहे, पण त्या वाटेवर मी कधीच चाललो नाही. डबल बास चालता चालता वाजत नाही. सगळे निघून जातात, मी मांडवात वाद्याला धरून उभा. गाणं हळूहळू पातळ होत जातं. मग बराच वेळ काहीच नाही.
रोझी म्हणाली, "माझ्या पाण्याला तूसुद्धा जायचं, पप्पा. वाजवत. मी मांडवात बसून ऐकणार."
हट्ट तिचा आहे ना? की मीच तिच्या तोंडून वदवला?

१४ जानेवारी
ऑफिस सुटल्यावर लॅमिंग्टन रोड. दोन पेट्या पाहिल्या. बारा इंची स्पीकरची मोठी: एक सूर लावला, छातीत कुणी दार उघडावं तसं वाटलं. उचलायला गेलो, जागची हलली नाही. दुसरी आठ इंची. पट्टा लावला तर खांद्यावरून जाईल, डाव्या. आवाज कळला नाही, तोवर दुकानात रेडिओ लागला होता. दुकानदार म्हणाला, घरी नेऊन बघा, नाही पटली तर लग्नानंतर आणून द्या. छोटी आणली.

१७ जानेवारी
मोरे आला होता. ऑफिसातला माझ्या शेजारच्या टेबलाचा. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना लाऊडस्पीकर लावून लावून त्याचा कान पक्का झालाय. आमच्या गिरगावच्या माडीवर पेटी जोडली. खालचा सूर वाजवला तर जमीन गुरगुरली. खालून बायको, फिलोमिना, ओरडली, "आल्फ्रेड, कपाटातल्या बश्या नाचतायत!"
इतक्या लहानशा पेटीतून! ठरलं, हीच. डोळे मिटून विहिरीची वाट चालत होतो. मोरे म्हणाला, "एक विचारू? वाटेत प्लग कुठे आहे रे?"
खरंच की. मी वजन पाहिलं, पट्टा पाहिला, लाकूड ठोकून पाहिलं. विजेचा विचारच नाही केला. मोरे हसून हसून खाली बसला. "जाऊ दे. सभेच्या लाऊडस्पीकरसारखी बॅटरीवर चालवू. मुंबई मिळवली, तुला एक बॅटरी नाही मिळवणार?"

२४ जानेवारी
लॉरेन्सला सांगितलं. बँड त्याचा, ट्रंपेट त्याचा, नियमही त्याचेच. त्यात मुख्य नियम: आपलं वाद्य आपण उचलायचं.
"बॅटरी माझा मित्र धरेल."
"आज बॅटरीला मित्र. उद्या ड्रमवाला ड्रमला बायको लावेल, मॅन."
शेवटी म्हणाला, पेटी तुझ्या खांद्यावर पाहिजे, बाकी मी बघितलं नाही.

३१ जानेवारी
वरळी. विहिरीजवळ उघड्यावर वाजवून पाहिलं. सूर गेलाच कुठे तरी. बोटं तीच, तारा त्याच, पेटी तीच. मोरे वाकून पेटीला कान लावत म्हणाला, "डास गुणगुणतोय रे."
परत येताना उमगलं. गिरगावात पेटी वाजलीच नव्हती. माडीची लाकडी जमीन वाजली होती. जन्म त्या फळ्यांवर गेला. डबल बाससुद्धा तिथेच शिकलो. त्यातला माझा आवाज कितीसा होता?

७ फेब्रुवारी
मोठी पेटी हातगाडीवर घालून न्यावी असं मनात आलं. रोझी म्हणाली, "बर्फवाल्यासारखा गाडीमागून येशील?" पण खरी अडचण वेगळी. विहिरीकडची गल्ली इतकी चिंचोळी की हातगाडी शिरत नाही. म्हणजे मोठी पेटी मांडवातच राहणार, आणि तिच्याबरोबर मीही. छोटी घेऊन गेलो तर चालेन, पण लांबून ऐकू येईलच असं नाही.
"तुला काय हवंय? मी ऐकू यायला, की मी जायला?"
"दोन्ही," म्हणाली, आणि साडी दाखवायला लागली. हिंदमाताच्या दुकानातून आणलेली, समुद्रफेसासारखी.

२० फेब्रुवारी
छोटीच घेतली.
मी पुढे, मागे मोरे पिशवीत बॅटरी घेऊन, दोघांमध्ये वायर. "पळू नकोस रे, मी विझेन," तो सारखा म्हणत होता. वाळत घातलेल्या माशांमधून चाललो. उन्हात सगळं चंदेरी, आणि पाय आपले नाहीतच असं काहीसं. चिंचोळ्या गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींनी सूर अडवला आणि एकदम तो भरून आला, जाड, खोल. लॉरेन्सने ट्रंपेट ओठांवरून काढून मागे पाहिलं. गल्ली संपली. सूरही संपला. विहिरीवर आणि परतताना गल्लीबाहेरच्या वाटेवर मी वाजवत होतो, एवढंच बोटांना माहीत.
मांडवात रोझीभोवती बायका, नारळाचं दूध चोळायची घाई. वाकून विचारलं, "आम्ही येताना काय ऐकू आलं?"
"ट्रंपेट." मग माझ्याकडे मान वळवून, "आणि त्याच्याखाली काहीतरी होतं, पप्पा. सारखं."
तेवढ्यात बायकांनी तिला न्हाणीकडे ओढलं.
मोऱ्याला सांगितलं नाही. फिलोमिनालाही नाही. उद्या चर्चमध्ये तिला विचारायची वेळ नव्हे. विचारावं तरी का?
भावाच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. पलीकडे समुद्र सारखा गाजतोय. आम्ही परत आलो तेव्हा भरती होती.