माझ्या आतड्यातली बिनप्रशिक्षित फौज

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार घे आणि आधी खाली बस. माझ्या पोटात जंत आहेत, हे आज सकाळी अकरा वाजता पक्कं झालं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची अंडी दोनदा पाहिली, मलाही पाहायला लावली आणि वर विचारलं, “तुम्ही ते स्वच्छता निरीक्षक ना?” तुमच्याकडे सगळं क्षेम असेलच. भाऊजींचं पोट कसं आहे? म्हणजे नेमकं कसं आहे? फुगतं, दुखतं, मळमळतं? तुला मध्यंतरी कोरडा खोकला झाला होता का? (सहज विचारतोय.)

तू म्हणशील, सव्वीस वर्षं खानावळींत शिरून आचाऱ्यांची नखं तपासणाऱ्या माणसाला जंत होतातच कसे? तर त्याचं मूळ गच्चीवरच्या सॅलडच्या वाफ्यात आहे. सांडपाणी केंद्रावर एक कामगार आहे, त्याला सगळे ‘पंप’ म्हणतात. त्याने मला तिथल्या गाळाच्या खताचं पोतं दिलं आणि बजावलं, “साहेब, हे अजून कच्चं आहे. वर्षभर उन्हात राहू द्या.” मी म्हटलं, “मला स्वच्छता शिकवतोस?” आणि त्याच रविवारी पोतं वाफ्यात रिकामं केलं. पानं मात्र काय तरारली! (तुला माहीतच आहेत. तीन महिन्यांपूर्वी टोपलीभर पाठवली होती आणि भाऊजींनी दोनदा मागून खाल्ली होती.) लोकांची भाजी मी तीन पाण्यांतून धुवायला लावतो, पण स्वतःच्या गच्चीवरची पानं धुणं मला अपमानाचं वाटायचं. तोडायची, झटकायची, तोंडात टाकायची. बायको आता येताजाता म्हणते, “काढा ना नोटीस स्वतःच्या पोटाला.”

पण ताई, हे पत्र मी रडगाणं गायला लिहीत नाही. छाती फुगवून लिहितोय. माझ्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सतरा टक्के निघाल्या. लोकांच्या सहाच्या आत असतात! लेकीने (ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, हे मी दर पत्रात लिहितो असं तू म्हणतेस, म्हणून या वेळी लिहीत नाही) सगळा प्रकार समजावला. आतड्याच्या अस्तरात डोक्यावर झुपका असलेल्या काही पेशी विखुरलेल्या असतात. जंत आला की त्या जणू त्याची चव घेऊन त्याला ओळखतात. (चव घेऊन तपासणी आमच्या खात्यातही चालते, पण ती फक्त गोड पदार्थांची.) मग त्या हाकाटी करतात आणि शेजारच्या काही पेशी ताडकन उठतात. या पेशी जन्मापासूनच सज्ज असतात, शत्रूची आधीची ओळखदेख त्यांना लागत नाही. त्यांचा हुकूम सुटला की रक्तात त्या इओसिनोफिल वाढतात, अस्तरातून बुळबुळीत स्राव वाहू लागतो, जंताचा पाय घसरतो (पाय नसतो, पण तू समजून घे), आणि आतड्याचे स्नायू आवळून त्याला दाराकडे लोटतात. थोडक्यात, फरशी धुवा आणि खराटा मारा. हेच मी सव्वीस वर्षं घसा फोडून सांगतोय! आणि या पेशींनी एक प्रशिक्षणवर्ग केलेला नाही, एक परिपत्रक वाचलेलं नाही, चहाची सुट्टी मागितलेली नाही. असे कर्मचारी मला नोकरीत एकदाही मिळाले नाहीत आणि पोटात मात्र लाखोंनी निघाले.

लेक म्हणाली, “बाबा, यातलं बरंचसं उंदरांत पाहिलंय. आणि एवढे मोठे जंत असले की ही फौज त्यांना हैराण करते, पण दरवेळी हाकलू शकत नाही. गोळी घ्यावीच लागते.” मी तिला बाणेदारपणे सांगितलं, की ती उंदरांची फौज असेल, मी माझ्या माणसांवर अविश्वास दाखवणार नाही.

रक्त एकच, तेव्हा तुझीही फौज अशीच तिखट असणार. भाऊजींच्या घराण्याची हमी मात्र मला देता येत नाही.

तुझा अभिमानी भाऊ

ता.क. टोपलीतली पानं धुतली होतीस का? नसणारच, कारण आत माझीच चिठ्ठी होती, ‘धुऊ नये, चव जाते.’ तेव्हा दोघांचीही तपासणी करून घ्या, टाळाटाळ नको. आणि त्या चिठ्ठीवर मी हौसेने कार्यालयाचा शिक्का मारला होता. तू ती फ्रिजवर चिकटवली आहेस. भाऊजींच्या लक्षात यायच्या आत फाड.

ता.क. २ गोळी मी आज सव्वाअकरालाच घेतली. बायको पाण्याचा पेला घेऊन समोर उभी होती. फौजेला अद्याप कळवलेलं नाही.

ता.क. ३ येत्या शनिवारी सकाळी लेक नमुन्यासाठी दोन डब्या घेऊन तुमच्याकडे येईल आणि तुम्हा दोघांना डॉक्टरांकडेही तीच नेईल. भाऊजींना काय सांगायचं ते तिच्यावर सोड. रविवारी पंप माझ्या गच्चीच्या तपासणीला येतोय. शेरे लिहायला त्याने माझीच वही मागितली आहे.