बेटावर नेलेला अबोला

॥ श्री व्यंकटेश प्रसन्न ॥
कुंभकोणम्, ता. ३ मे १९५४

रघुपतीच्या कुटुंबास अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र तुला आहे, अलमेलु, पण म्हणोन मी तुझ्याशी बोलले असे समजू नको. बोलणे वेगळे, लिहिणे वेगळे. चार वर्षे घरात आपल्या दोघींमध्ये रघुपती होता. मीठ हवे असले तरी मी त्याला सांगायचे आणि त्याने तुला. आता माझा भाऊच तुजबरोबर बेटावर जाऊन बसला, तर निरोप सांगू कुणाला? शेजारच्या विशालाक्षीकडे दिला तर तो तिरुनागेश्वरापर्यंत पोचेल, तुजपर्यंत नाही.

रामेश्वराला माणसे जातात, स्नान करतात, दर्शन घेतात, परत येतात. हा मात्र त्या दोस्त जानकीरामाच्या नादी लागून, बायको-मुलीला घेऊन, समुद्रकाठी झावळ्यांच्या खोपीत महिनाभर राहायला निघाला. डोक्यावरचे कौलारू छप्पर काय टोचत होते? मला विचारले नाही हे बरेच केले. विचारले असते तरी मी आले नसते.

आता कामाचे. खोप असो की राजवाडा, सेतूच्या बेटावर स्वयंपाक मडीतच, सोवळ्यातच झाला पाहिजे. इथे मी असते म्हणोन तुझे सोवळे सांभाळले जाते, तिथे कोण पाहणार? धुतलेले लुगडे सुंदरीचा हात लागेल असे वाळत घालू नको. उंच काठी बघ, सगळ्यांत उंच, आणि तिच्यावर घाल. चिंचभाताला कालवायच्या पुळिकाचलाची बरणी गादीत गुंडाळून दिली आहे. तिच्यात ओला चमचा घालू नको. महिनाभर पुरली पाहिजे.

आणखी एक. चार वर्षांपूर्वी ज्यावरून आपला अबोला झाला, ती तुझ्या आईला मी दिलेली कॉफी पहिल्या, दाट डिकाक्शनचीच होती. लिहून ठेवते, म्हणजे मी विसरले असे कुणास वाटू नये.

लोभ वाढवा असे म्हणत नाही. आहे तेवढा राखा.
वेंकटलक्ष्मी

—

रामेश्वर बेट, ता. ९ मे १९५४

तीर्थस्वरूप अक्का यांस, अलमेलूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचले. कॉफी दुसऱ्या डिकाक्शनची होती. माझी आई हयात आहे, विचारून घ्यावे.

आम्ही खुशाल आहोत. सुरूच्या झाडांखाली तीन खोपी आहेत. जानकीराम पांबनला रेल्वेत आहेत ना, त्यांनीच बांधून घेतल्या. वाळूत हातभर खणले की गोडे पाणी लागते. भातात वाळू, केसांत वाळू, अंथरुणात वाळू. घरी पाण्याचा तांब्या हातात मागणारे तुमचे भाऊ इथे धोतर खोचून चुलीसाठी ताडाची वाळकी पाने ओढत आणतात आणि वर मलाच विचारतात, दमलीस का म्हणून. सुंदरी दिवसभर खेकड्यांच्या मागे असते. काळी ठिक्कर पडली आहे, पाहाल तर ओळखणार नाही.

आता तुम्ही उंच घालायला सांगितलेल्या लुगड्याची हकीकत. बसून वाचा.

कोळ्यांच्या वस्तीपाशी एक उंच वासा रोवलेला आहे, वर दोरीसुद्धा बांधलेली. मला वाटले, अक्कांच्या मनासारखी काठी देवानेच उभी करून ठेवली. तुमच्या भावांनी दोरी ओढून माझे मडीचे लाल लुगडे पार टोकाला चढवले. नऊ वार लुगडे आणि तो वारा! मी कौतुकाने पाहत उभी राहिले, तो समुद्रात गेलेल्या साऱ्या होड्या तोंड फिरवून काठाकडे यायला लागल्या. वस्तीतल्या बायका ऊर बडवत धावत आल्या. त्या वाशावर लाल कापड चढले म्हणजे काठावर काही घात झाला, असतील तिथून सगळ्यांनी परत यावे, अशी त्यांची खूण. आम्हाला काय ठाऊक? त्यांचा म्होरक्या अंतोनी जाळे पाण्यात तसेच टाकून आला होता. धापा टाकत त्याने विचारले की कोण गेले. तुमच्या भावांनी सांगितले की गेले कुणी नाही, आमच्या घरातले लुगडे आहे, कुणाचा हात लागू नये म्हणून वर घातले.

अक्का, धरणी पोटात घेईल तर बरे असे मला झाले. अंतोनी बराच वेळ मान वर करून लुगडे पाहत राहिला. मग म्हणाला की माणसांचा हात नाही लागला हे खरे, पण बेटावरच्या सगळ्या घारी शिवून गेल्या असतील. त्यावर एक म्हातारी फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. आताच रडत होत्या, त्याच.

त्यांचा दिवस बुडाला तो बुडालाच. म्हणून मी साऱ्या वस्तीला जेवायला बोलावले. जानकीरामांकडून मोठे पातेले आणवले, भात केला आणि तुमची बरणी रिकामी केली. रागावू नका. बायका बोटे चाटत विचारू लागल्या की हे कुणी केले. मी म्हटले, आमच्या अक्कांनी. त्यांनी विचारले, त्या कुठे आहेत. घरी, मी म्हटले. तर म्हणाल्या, त्यांना का नाही आणले? मी त्यांना आणखी भात वाढला.

सगळे पांगल्यावर मला हसू आवरेना, आणि हसायला जोडीला कुणी नव्हते. तुमच्या भावांना काय सांगायचे, ते तिथेच उभे होते. ही गोष्ट तुम्हाला सांगायची होती, कागदावर नव्हे, तोंडाने. तुम्ही इकडे या. तुमचे भाऊ नव्हे, मी बोलावते आहे. इथून तसेच परतलो तर घरी पुन्हा तुम्ही त्यांना सांगणार आणि ते मला सांगणार. मला ते आता नको आहे. फार कंटाळा आला त्याचा.

वडीलकीची माया असू द्यावी, राग बरणीपुरताच ठेवावा.
अलमेलु

—

॥ श्री ॥
कुंभकोणम्, ता. १३ मे १९५४

चि. सौ. अलमेलु हीस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र वाचून मी हसले नाही. विशालाक्षी म्हणते की हसले, आवाज तिच्या परसात गेला. ती काहीही म्हणते.

अख्खी बरणी! एका बैठकीत! असो. बायकांना आवडले ना? तिखट कमी वाटले का ते लिहिले नाहीस.

माझे येणे कसे व्हावे? तुम्ही लग्नाला जा, मद्रासला जा, आता बेटावर जा, घरातले देव कुठे जातात? सकाळी त्यांची पूजा, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी दिवा. आमच्या अप्पांनी त्यांना एक दिवस उपाशी ठेवले नाही. म्हणोन घरात कुणीतरी राहावे लागते, आणि ते कुणीतरी मी आहे. विशालाक्षीकडे पूजा सोपवावी तर ती विठोबाच्या आधी मांजरीला दूध देईल.

आणि समुद्राचे मला काय? महामहमच्या पर्वणीला इथल्या तळ्यात साऱ्या नद्या येतात, ते घरापासून चार पावलांवर आहे. बावन्न वर्षे समुद्रावाचून काही अडले नाही.

बोलावलेस, मला फार बरे वाटले. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नको. तेवढे एक मात्र कळव. समुद्राचा आवाज रात्री तरी थांबतो की नाही? विशालाक्षी म्हणते थांबत नाही. मला ते खरे वाटत नाही.

सुंदरीच्या डोक्याला तेल लाव. तुम्हा सर्वांवर लोभ आहे, थोडा तुझ्यावरही.
वेंकटलक्ष्मी

—

रामेश्वर बेट, ता. १७ मे १९५४

ती. अक्कांस सा. न. वि. वि.

थांबत नाही. स्वतः येऊन ऐका.

देवांना घेऊन या. मी हे थट्टेने लिहीत नाही. त्यांनी तरी समुद्र कुठे पाहिला आहे? विठोबा आपल्या देव्हाऱ्यात इतकी वर्षे कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघतो आहे, त्याला थोडे वाऱ्यावर उभे राहू दे. शाळिग्राम तर पाण्यातलाच, त्याला माहेरी आल्यासारखे वाटेल. तिसरी खोप आम्ही रिकामी केली. तुमचे देव येणार असे सुंदरीने वस्तीभर सांगितले, तर अंतोनीने न विचारता नव्या झावळ्या आणून पूर्वेचे ऊन अडवून दिले. आता देव आले नाहीत तर मी त्याला काय तोंड दाखवू? एकदा होड्या फुकट परत आणल्या, तेवढे पुरे आहे.

तुमचे भाऊ म्हणतात की अक्का येणार नाही, मी तिला ओळखतो. मी त्यांना म्हटले, तुम्ही कसले ओळखता, त्यांच्याशी भांडले आहे मी.

बोट मेल गाडी थेट येते. पांबनला उतरा. मी फलाटावर असेन.

माया वाढती ठेवावी आणि स्वतःच्या हाताने घेऊन यावी.
अलमेलु

—

कुंभकोणम्, ता. २० मे १९५४

चि. सौ. अलमेलूस आशीर्वाद.

कार्ड लिहिते आहे. पोस्टमन वाचील, वाचू दे. आपल्या भटजींना विचारले की घरचे देव समुद्रापार नेता येतात का. त्यांनी तपकीर ओढली, बराच विचार केला आणि म्हणाले की रामच तिथून पुढे गेला, मग तुमच्या विठोबाला कोण अडवतो? रेल्वेत त्यांना बाकाखाली ठेवू नका म्हणजे झाले. शनिवारी निघते. किल्ली विशालाक्षीकडे, म्हणजे साऱ्या गल्लीकडे. फलाटावर कुणी वाकून नमस्कार करू नये, माझ्या हातात देव असतील. गूळ आणि चिंच घेतली आहे.

घाईत आहे, लोभाचे भेटीत पाहू.
वेंकटलक्ष्मी

—

॥ श्री ॥
रामेश्वर बेट, तिसरी खोप, ता. २४ मे १९५४

चि. सौ. अलमेलूस आशीर्वाद वि. वि.

तू माझ्यापासून दहा हातांवर पाठमोरी बसून नारळ खवते आहेस आणि मी देवांच्या पेटीवर कागद ठेवून तुला पत्र लिहिते आहे. सुंदरीच्या हाती देईन. हसायचे तर हस.

काय करू? मानामदुरैपासून मी मनात बोलणे जुळवत होते. पूल आला, खाली दोन्हीकडे पाणीच पाणी, तेव्हा पेटी मांडीवर घट्ट धरून डोळे मिटले, पण बोलणे घोकत राहिले. मग एक डोळा उघडला आणि सगळे विसरले. पांबनला उतरले तर तू समोर उभी. आणि माझ्या तोंडून काय निघावे? रघुपतीला म्हटले, तिला सांग, पेटी सरळ धर. तूही त्यालाच म्हणालीस की अक्कांना सांगा, धरली आहे. बिचारा एकदा तुझ्याकडे पाही, एकदा माझ्याकडे. हमालसुद्धा हसला.

देव नीट आहेत. विठोबाच्या पायांशी वाळू येते. तीनदा पुसली, मग सोडून दिले. वस्तीतल्या बायका काल येऊन गेल्या. बरणी कधी भरणार असे विचारत होत्या. चिंच भिजत घातली आहे.

समुद्र मी काल पाहिला, आज पाहिला. लांबून. अजून पाऊल ओले केलेले नाही. सगळ्यांना सांगितले की मी मडीत आहे. मडी नाही ग, भीती आहे. एवढे पाणी मी जन्मात पाहिले नाही. लाट आली की मी पोरीसारखी मागे पळते आणि कुणी पाहिले का म्हणोन वळून बघते. तू सकाळी लुगडे खोचून छातीइतक्या पाण्यात गेलीस ते मी खोपीतून पाहिले. मलाही जायचे आहे. फार जायचे आहे. रघुपतीचा हात नको, तो स्वतःच डगमगतो. तुझा हात हवा.

तर असे कर. याचे उत्तर लिहू नको. सुंदरीकडे निरोप देऊ नको आणि रघुपतीकडे तर मुळीच देऊ नको. वाचून झाले की नारळ खाली ठेव आणि बसल्या जागेवरून मला हाक मार. मोठ्याने मार, मला हल्ली कमी ऐकू येते. मी लुगडे खोचून उभी आहे.

तुझी,
अक्का