यंत्राने छापलेलं व्हायोलिन

तीर्थस्वरूप दादास,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात). तुझे गुडघे आणि वहिनीचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझा खांदा आहे तसाच. तीन वर्षं व्हायोलिन उचलून धरता आलेलं नाही, आणि त्यावर उपाय म्हणून तुझ्या लाडक्या भाच्याने घरात एक संकट आणून ठेवलंय. संकट म्हणजे व्हायोलिनच, पण संगणकाने आखलेलं आणि यंत्राने प्लास्टिकचे थरावर थर चढवून छापलेलं. (छापलेलं! लग्नपत्रिका छापतात तसं.) किंमत विचारू नकोस, मी विचारली आणि मटकन खाली बसले. चिरंजीव म्हणतात, वजनाला निम्मं आहे, आई, तू पुन्हा वाजवशील. शनिवारपर्यंत पसंत पडलं नाही तर कंपनी परत घेते. मामाचं तो ऐकतो, तेव्हा फोन करून त्याला परत करायला सांग.

अरे, त्याला वासच नाही! बाबा व्हायोलिनं घडवायचे त्या खोलीत शिरलं की सरस, व्हार्निश आणि भुसा यांचा वास कसा अंगावर यायचा. फळीवर बोटाने टकटक करून ते कान लावायचे आणि आपण दोघं श्वास रोखून उभे (तू कमी रोखायचास, तुला कायम सर्दी). फळी मनास आली नाही तर सरळ शेगडीत. मी या छापील प्रकरणावर टकटक केली, तर डब्याच्या झाकणाचा आवाज. बाबांची इतकी आठवण आली की मी रडायलाच लागले, आणि तुझ्या भाच्याला वाटलं, आई आनंदाने रडतेय.

वाजवायला मी साफ नकार दिला. पण नवं वाद्य घरात आल्यावर हात स्वस्थ बसतात होय? व्हार्निश पिकायला बाबा प्रत्येक नवं व्हायोलिन आठ दिवस उन्हाच्या खिडकीत टांगायचे. मीही सवयीने टांगलं. याला व्हार्निश नाहीच, हे लक्षात यायला मला तीन दिवस लागले. असो. फोन मात्र नक्की कर.

तुझी धाकटी

ता. क. फोन करू नकोस. उन्हाने ते हनुवटीपाशी मऊ होऊन खचलंय. आता कंपनी काय, भंगारवालाही घेणार नाही. मामाने फारच आग्रह केला म्हणून ठेवून घेते, असं मी तुझ्या भाच्याला सांगितलंय. तूही तसंच म्हण.

ता. क. २. खचलेली जागा नेमकी माझ्या हनुवटीच्या मापाची झाली आहे. काल दार लावून अर्धा तास वाजवलं, खांद्याने हूं की चूं केलं नाही. आवाज बाबांच्या लाकडाचा नाही तो नाहीच. पण सरस शिजेपर्यंत आपण दोघं मिळून वाजवायचो ती चाल मला अजून येते, म्हणजे माझी अर्धी येते. तुझ्या ओळी आल्या की मी नुसती थांबत होते. बाबांचं व्हायोलिन तुझ्याकडे कपाटावर पडलंय ना? ते घेऊन ये, दादा.