शंभर टक्के ‘झालं’

३ जून
अ‍ॅप तयार! नाव ‘लसदूत’. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या लशींची आठवण थेट मोबाइलवर. आता नाहूर-कांजूरमध्ये एकही लस चुकणार नाही. पहिली नोंद माझ्या बायकोची, दीप्तीची, पाचवा महिना चालू. ती धनुर्वाताच्या दुसऱ्या इंजेक्शनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत होती. हातातून पेन काढून घेतलं. म्हटलं, आता हे सगळं अ‍ॅप बघेल.

८ जून
शाळेतला मित्र राजेश कांजूरच्या चाळीतल्या मंडळाचा सेक्रेटरी. त्याने नंबर आणले, सगळे नवऱ्यांचे. का, विचारलं, तर म्हणाला, येड्या, पोरांकडे त्यांच्या बायकांचे नंबर मागून मार खाऊ काय? मुद्दा रास्त. दीप्तीच्या नावापुढे मीही माझाच नंबर टाकला. सगळ्यांना एकच नियम.

१५ जून
कुणीच उत्तर देत नाही. चिकाटी हवी. आजपासून ‘झालं’चं बटण दाबेपर्यंत दर तासाला मेसेज.

१७ जून
झकास! धडाधड ‘झालं’. राजेश म्हणतो, पोरं जाम वैतागलीत. वैतागू देत, लशी झाल्या ना!

२४ जून
मीटिंगमध्ये मोबाइल सारखा वाजत होता. साहेबांनी दोनदा चष्म्यावरून बघितलं. न वाचताच काहीतरी दाबलं. शांतता.

२९ जून, संध्याकाळी
शंभर टक्के!! केक आणला. आता दिंडोशीपर्यंत विस्तार, मग मुलाखती. केक खाताना दीप्तीने विचारलं, माझं इंजेक्शन कधी रे? म्हटलं, अ‍ॅप सांगेल की. तिचा सगळ्याच बाबतीत घाईचा स्वभाव.

२ जुलै
दीप्तीची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या आठवड्यात इंजेक्शनला का आली नाहीस? दीप्तीने माझ्याकडे बघितलं. मी अ‍ॅप उघडलं. ‘दीप्ती: झालं. २४ जून.’ बाई म्हणाल्या, घाबरू नका, आज देते. सुई दीप्तीला टोचली, डोळे मी मिटले.

बाहेर बाकावर राजेशची बायको जानकी. सातवा महिना. अ‍ॅपवर तिचंही ‘झालं’, प्रत्यक्षात राहिलेलं. ती म्हणाली, भावोजी, यांच्या मोबाइलवर काय येतं ते मला कसं कळणार? चाळीतल्या बाकीच्यांना कळवायला हवं, पण बायकांचे नंबर कुठून आणायचे, म्हणालो. जानकीने स्वतःचा मोबाइल काढला. तिच्याकडे सगळ्यांचे होते. तिथेच बसून तिने एकेकीला फोन लावले.

घरी आल्यावर दीप्ती थेट भिंतीकडे गेली. कॅलेंडरसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

पेन परत दिलं.