मागांच्या आवाजातली प्रार्थना

३ नोव्हेंबर, सोमवार

पाळकसाहेबांना बोलायला काय जातंय! "काम करता करता प्रार्थना करा. डोळे मिटा, मन शांत करा." काल उपासनेत सांगितलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. आज म्हटलं, बघू तरी. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनपुढं बसले आणि डोळे मिटले. एक वाक्य पुरं होईना तोवर दोन कांड्या भरून वाहिल्या, सुताचा हा गुंता! एक दिवस येऊन बसा म्हणावं शहापुरात, बारा मागांच्या शेडात. मन राहू दे, आधी कान शांत करून दाखवा.

तुळशीची लग्नं लागली, आता माणसांची लागणार. साड्यांची घाई. नागेंद्र मालक सकाळपासून फोन कानाला लावून फिरतोय. लहानपणी ह्याच शेडात चड्डी न घालता पळायचा. आता मला म्हणतो, "आज्जी, हात जरा उचला."

एक मात्र कळलं. माग चालू असले की मोठ्यानं बोललं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. मग डोळे उघडे ठेवले आणि भांडल्यासारखी मोठ्यानं प्रार्थना केली. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्याचं लिहायचं नव्हतं. पण माणसाला सांगता येत नाही, म्हणून वहीला.

उजव्या डोळ्यावर दुधावरची साय धरल्यासारखं झालंय. डाव्याचंही तेच चाललंय. मोतीबिंदूच असणार. हिरवं आणि मोरपंखी मला आता एकच दिसतं. दारात नेऊन उन्हात धरलं तर कळतं. पण किती वेळा उठायचं? मालक बघतोय ना!

ऑपरेशन केलं की महिनाभर घरी. लगीनसराईत कांड्या भरणारी महिनाभर घरी बसली तर तिच्या जागेवर दुसरी बसते. माझी जागा गेली की ऋतिकाचं कॉलेज गेलं. नातीला आई नाही. बाप गोव्यात — म्हणजे तोही नाहीच.

म्हणून रोज शेडात ओरडते : देवा, डोळ्याचं तू बघ. पण तोवर मालकाला कळू देऊ नको!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज चहा सोडून सगळं अंदाजानं केलं. चहा तेवढा बघून केला, तोच खारट झाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं. ज्याला भ्यायचे तेच झालं.

यमनाप्पाच्या मागावर हिरव्या साडीत वीतभर मोरपंखी पट्टा निघाला. यमनाप्पा एकटा चार माग सांभाळतो. एकाची तार जोडेपर्यंत दुसऱ्यावर कांडी संपते. दिली ती धोट्यात घालतो, रंग बघत बसायला उसंत कुठली? साडी नवरीची. नागेंद्र लाल झाला. "डोळं फुटल्यात काय रं तुझं?"

फुटलेले डोळे कोपऱ्यात कांड्या भरत बसले होते.

यमनाप्पा एवढंच म्हणाला, "कांडी आली तशी घातली, मालक." त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते. बहुतेक. नाही — खोटं कशाला लिहू? नसते बोलले.

दिवसभर प्रार्थना चालू. कांडी हातातून सुटून मशीनखाली घरंगळली आणि मी तीपण चाचपडून शोधली.

१० नोव्हेंबर, सोमवार

यमनाप्पाला काढलं. सकाळी आला तर त्याच्या मागापुढं भरमू उभा. भरमू म्हणजे मालकाच्या बायकोचा, रचनाचा, चुलतभाऊ. मिशी आता फुटतेय आणि हुकूम सोडतोय.

यमनाप्पानं डब्याची पिशवी उचलली. सुताची जड पेटी मला कधी उचलू दिली नाही त्यानं. जाताना आज पण पेटी माझ्यापुढं सरकवून ठेवली. "बर्तिनरी, आक्का," म्हणाला. त्याची कानडीच तसली, निघालं तरी येतोच म्हणतात. कुठनं येणार आता?

मी नुसती मान हलवली. ह्या मानेला दुसरं येतं काय!

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रार्थनेसाठी डोळे मिटले होते म्हणून कांडी चुकली, असं आज देवाला सांगितलं. त्यालापण थाप!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर कसं येईल ते येवो.

दुपारचं जेवण झालं, माग सुरू झाले. राहवलं नाही. नेहमीपेक्षा मोठ्यानं सुरू केलं — "देवा, ती कांडी मी भरली! मला हिरवं-मोरपंखी कळत नाही! यमनाप्पाची चूक नाही, माझी! त्याच्या पोटाचं तू बघ, पण मालकाला कळू देऊ नको!"

आणि करंट गेला.

बारा माग एकदम गप्प. माझं तोंड मात्र चालूच. शेवटचं सगळं त्या शांततेत पडलं — मालकाला कळू देऊ नको! भिंतीला लागून परत माझ्याच कानात आलं. मनुबाई साडीची घडी घालत होती. तिच्या हातातली साडी खाली. "अगं बया!" भरमू तोंड वासून उभा. आणि नागेंद्र दारात. फोन कानाला, पण बोलत नव्हता.

संपलं म्हटलं. उठून पदर सावरला. चपला शोधायला लागले, तर त्या कुठल्या दिसतायत!

नागेंद्र जवळ आला. हळू म्हणाला, "बसा, आज्जी." मग वळला आणि मोठ्यानं, "काय ऐकलं काय रं कुणी?"

"न्हाय, मालक," भरमू म्हणाला. लगेच!

मनुबाईनं साडी उचलली आणि धूळ झटकत बसली.

करंट आला. माग सुरू झाले. मी खाली बसले आणि कांडी लावली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मनुबाईनं डबा खाता खाता फोड केली. "तुला वाटतं साडीपायी काढला त्याला? भरमूला घुसवायचा हुताच. रचनाबाई दिवाळीपासनं मागं लागलीय. निमित्त न्हवतं. तू दिलंस."

"आणि आता कळलं तरी?"

"आता कळून काय? मेव्हण्याला उठवतोय व्हय त्यो? घरात जेवायला मिळंल काय त्याला?" मग माझ्या डब्यात चटणी टाकली. "मला सांगितलंय, आज्जीला सूत रंग बघून काढून देत जा. गप्प बस. तुझी जागा पक्की झाली बघ."

पक्की झाली. मागितलं तेच मिळालं. मालकाला कळलं आणि न कळल्यासारखं झालं. एवढं चोख तर देवानं माझं कधी ऐकलं नव्हतं! पण ही त्याची करणी न्हवं, नागेंद्राची. चटणी जिभेला कळली नाही.

दुपारी माग सुरू झाल्यावर तोंड उघडलं. एक शब्द निघाला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजपण नाही. ऋतिका म्हणते, "आजी, घसा बसलाय का?" म्हटलं, व्हय. काढा करून दिला. प्याले.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. ऋतिकाला सांगितलं, तू हो पुढं. मी चालत वडगावला यमनाप्पाच्या घरी गेले. दोनदा गल्ली चुकले. दोनदा वाटलं बरं झालं, चुकली, आता परत जावं.

दार बायाक्कानं उघडलं, त्याच्या बायकोनं. "काय गं, मालकाचा निरोप आणलाईस काय? मग चा ठेवती. नायतर न्हाय."

मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं बोलले. डोळे, कांडी, करंट, भरमू, सगळं. यमनाप्पा भिंतीला टेकून बसला होता. उद्यमबागेत कुठल्याशा फौंड्रीत माल उचलायला जातोय म्हणे आता. मागावर जन्म गेला त्याचा, आणि ह्या वयात लोखंड! हाताला फडकं बांधलेलं.

शेडातल्या कुणीच त्याला सांगितलं नव्हतं. ऐकलं होतं सगळ्यांनी, ज्याला ऐकवायचं तो सोडून.

त्यानं हातावरचं फडकं आवळलं. मग म्हणाला, "देवाला रोज सांगत हुता न्हवं, आक्का?"

"व्हय."

"तुमच्या देवाची नोकरी गेलती काय?"

मी उंबरा ओलांडून आत गेले, त्याच्यापुढं बसले.

म्हटलं, उद्या चल माझ्याबरोबर. सगळ्यांपुढं सांगते.

"मी येत न्हाय. त्याच्या दारात परत कोण जातंय?"

"जातील ते," बायाक्का आतनं म्हणाली. "न्हाय गेलं तर लुगडं नेसून मीच जाईन." मग चहा आणला. साखर नव्हती. घरात नव्हती का मला घातली नाही, विचारलं नाही. प्याले.

परत येताना रस्त्यावर, रिक्षांच्या मधे, पहिल्यांदा तोंडातनं शब्द निघाला. हळू. देवा, उद्या पाय मागं घेऊ देऊ नको. एवढंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

ऋतिकाला सांगितलं. "आजी, आपलं काम जाईल गं." जाईल. यमनाप्पा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा आहे, खिडकीतनं दिसतोय. म्हणजे अंगाचा बांधा दिसतोय, तोंड नाही.

आधी माग बंद करायला लावणार. नागेंद्र विचारील, ह्याला परत कुणी आणला? मनुबाईनं मधे पडायचं नाही. यमनाप्पानं तोंड उघडायचं नाही. आणि देवा, तूपण गप्प राहायचं. उत्तर मी द्यायचं.