आतून लावायची कडी

आई, तुझ्या धाकट्या मुलीला यंदा पहिल्यांदाच सरकारी कचेरीत तिच्या पूर्ण नावाने पुकारलं, आणि ती वळली नाही. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, कोण गं ती? येत का नाही?" पन्नाशी ओलांडलेली बाई स्वतःचं नाव ओळखत नव्हती, कारण तू तिला जन्मभर 'बाळ' म्हणालीस आणि शेजारपाजाऱ्यांनाही तेच म्हणायला लावलंस. हे पत्र मी तक्रार म्हणून लिहिते आहे. तुला जाऊन तप उलटलं, पण काही तक्रारींची मुदत संपत नाही. रोज सकाळी ती नव्याने सुरू होते.

प्रकरण साधं होतं. तू गेल्यावर तिची कायदेशीर पालक म्हणून माझी नेमणूक झाली आणि ती ठाण्याला माझ्या घरी आली. मध्यंतरी टिटवाळ्याला, देवळापासून बरंच आत, तिच्यासारख्या प्रौढ स्त्रियांसाठी एक लहानसं निवासगृह सुरू झालं. तिथे ती काही आठवडे राहून आली, आणि परतल्यावर तिने पिशवी रिकामी केलीच नाही; दाराशी तशीच ठेवून दिली. तिला तिकडे कायमचं जायचं आहे हे मला दिसत होतं. पण मला दिसून उपयोग नव्हता. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे की सज्ञान माणूस आपला निर्णय घेऊ शकतो हे कायदा आधीच धरून चालतो. बुद्धी मंद असली, बोलणं अडखळतं असलं, तरीही. पालकाने त्याच्या जागी बसून ठरवायचं नसतं. त्याच्या शेजारी बसून त्याला ठरवता येईल इतकीच मदत करायची असते. म्हणून मी स्वतःच जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज केला: माझं पालकत्व मर्यादित करा, आणि कुठे राहायचं हे तिला विचारा. अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काही करणार नाही." त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

"सांगा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"आईला विचारून सांगते."

"आई कुठे असतात?"

"घरी. भिंतीवर."

कोपऱ्यातला कारकून हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू संपलं. अध्यक्षबाईंनी पुढची तारीख दिली. पुन्हा हेच उत्तर आलं तर अर्ज मंजूर करता येणार नाही, हेही त्यांनी सौम्यपणे सांगितलं.

ते वाक्य कुठे घडलं हे मला ठाऊक आहे. डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात. ती ओट्याशेजारी पाटावर बसली आहे, कायद्याने सज्ञान व्हायला आलेली. अंगात तू शिवलेला फुगीर बाह्यांचा फ्रॉक, केस कानापर्यंत कापलेले, कारण विंचरायला तुला वेळ नाही. शेजारच्या काकू विचारतात, "बाळ, लाडू हवा का गं?" ती हात पुढे करते. तू सांडशी ओट्यावर आपटतेस. "काय म्हणायचं असतं?" हात मागे जातो. "आईला विचारून सांगते." "शहाणी गं माझी ती." काकू कौतुकाने मान हलवतात, "किती वळण लावलंयस." आणि तू ते कौतुक घेतेस, पदराला हात पुसत, जणू हक्काचं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला तू आतल्या खोलीत बसवायचीस आणि बायका गेल्यावर तिच्यापुढे तिळगुळाची वाटी सरकवायचीस. त्या खोलीला कडी बाहेरून होती. आतली कडी तू सुताराकडून काढून घेतली होतीस. "अडकली आत तर?" हा तुझा युक्तिवाद. बाहेरून कोणी अडकवली तर काय, हा प्रश्न तुला पडला नाही, कारण अडकवणारी तूच होतीस.

त्याच वर्षी मी कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. बाबा नव्हते. तू कल्याणच्या शाळेत गणित शिकवायला जायचीस, आणि दिवसभर तिला सांभाळायला एक बाई असायची. एकदा मी दुपारीच परतले, तर तिच्या दंडावर निळे डाग होते. चिमट्यांचे डाग लपत नाहीत. बोटांच्या चिमटीएवढेच असतात. मी विचारलं, "कोणी केलं?" ती म्हणाली, "आईला विचारून सांगते." आणि दुखरा दंड दुसऱ्या हाताने झाकून तुझी वाट बघत बसली.

तू आलीस. मी तिची बाही वर करून दाखवली. तू डागांकडे नीट पाहिलंसुद्धा नाहीस, म्हणजे ते तुला आधीच माहीत होते.

"उद्यापासून बाईला येऊ नको म्हणून सांग," मी म्हटलं.

"आणि मग?"

"मग काय? हा गुन्हा आहे, आई."

"तुझा कायदा दुपारी तिच्याजवळ बसणार आहे का?"

एवढं बोलून तू कणीक मळायला घेतलीस. मी उभीच राहिले तर म्हणालीस, "आता भाषण संपलं असेल तर पोळ्या लाटायला बस." बाई पुढेही बराच काळ येत राहिली. तिला तू दटावलंस की नाही, मला कधी कळलं नाही. डाग दिसेनासे झाले हे खरं. पण त्याच सुमारास तू पूर्ण बाह्यांचे फ्रॉक शिवायला लागली होतीस.

तुझी बाजू मांडणारे अजून भेटतात. एकटी बाई, नोकरी, असं मूल, त्या काळात ना कायदा ना आधार. मी ती बाजू ऐकून घेतली आहे आणि फेटाळली आहे. तू तिला जपलंस, असं लोक म्हणतात. ज्याला 'नाही' म्हणायला शिकवलेलं नाही त्याला जपता येत नाही, फार तर लपवता येतं. मोठ्यांचं ऐकायचं, उलट बोलायचं नाही, कोणी हात लावला तरी आधी आईला विचारायचं: चिमटा काढणाऱ्याला जे जे हवं असतं ते सगळं तू तिला स्वतःच्या हाताने शिकवून ठेवलंस. तू गणिताची शिक्षिका होतीस; तुला हे उत्तर दिसायला हवं होतं. दुपारी तिच्याजवळ कोण बसणार, या तुझ्या प्रश्नाचा मात्र मला अजून राग येतो, कारण प्रश्न चांगला होता.

पहिल्या तारखेहून परतताना रिक्षा खोपटच्या डेपोपाशी अडकली. मी तिला पुन्हा पुन्हा समजावत होते: आईला नाही विचारायचं, तुला काय वाटतं ते सांगायचं. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "मॅडम, विचारू द्या ना आईला. आम्ही पण घरी विचारल्याशिवाय काय करत नाय." मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

घरी एक सोपी वाट होती. 'आई हो म्हणाली' एवढंच मी म्हणायचं होतं. तिने विश्वास ठेवला असता आणि पुढच्या तारखेला ते बिनचूक म्हणून दाखवलं असतं. पण साक्षीदाराला पढवणाऱ्यांना मी वर्गाबाहेर काढलेलं आहे, आणि तुझ्या आवाजात बोलून तिच्यावर राज्य करायचं तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी म्हटलं, "बरं, विचार." आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून तिला काही वाचता येऊ नये.

ती तुझ्या तसबिरीपुढे बराच वेळ उभी असावी. पुटपुटणं ऐकू येत होतं, शब्द नाहीत. मग दार ढकलून आत आली.

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझं तू ठरव."

"रागावून म्हणाली का गं?"

"नाही. चहा पीत होती."

दुसऱ्या तारखेला तिने शिपायाच्या पहिल्या पुकाऱ्याला हात वर केला. हे मात्र मी शिकवलं होतं. अध्यक्षबाईंनी तोच प्रश्न विचारला.

"मला टिटवाळ्याला राहायचंय."

"का बरं?"

"तिथे खोलीला आतून कडी आहे. मी लावते. कोणी आलं की विचारते, कोण आहे."

"आणि उघडायचं नसलं तर?"

"नाही उघडत."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. कारकुनाने मान खाली घालून लिहिलं.

आता हे नीट ऐक. 'तुझं तू ठरव' हे वाक्य तुझं नाही. उभ्या हयातीत ते तू कोणालाच म्हटलं नाहीस. मी कायदा शिकते म्हटलं तेव्हासुद्धा तुझे शब्द होते, "ठरवणारी तू कोण?" ते वाक्य तिने घडवलं, एकटीने, भिंतीसमोर उभं राहून, आणि तुझ्या तोंडी घातलं, कारण स्वतःच्या तोंडी घालायची तिला सवय नव्हती. त्याचं श्रेय मी तुला देणार नाही. तिला मात्र मी हे सांगितलेलं नाही.

तुझी तसबीर ती टिटवाळ्याला घेऊन गेली. दर रविवारी फोन करते, जेवणाचं सांगते, खोलीतल्या मैत्रिणीच्या तक्रारी सांगते आणि शेवटी विचारते, "ताई, आईला काही सांगायचंय का? मी सांगते." हे सगळं पत्र तिच्या तोंडून तुला पोचवता आलं असतं. ते मी करणार नाही. तुझ्याशी भांडायला तिचा आवाज वापरायचा नाही, इतकं तरी मला कळतं. म्हणून दर वेळी म्हणते, काही नाही. गेल्या रविवारी मात्र तोंडून निघून गेलं, "माझ्याबद्दल काही म्हणते का गं ती?"

ती म्हणाली, "विचारून सांगते."

आज शनिवार आहे. उद्याच्या फोनची मी वाट बघते आहे, एवढं कबूल करते.