दशांशबाईंचा तक्ता

सोमवार, ४ मार्च

जुनं मशीन शुक्रवारी भंगारात जाणार! साहेबांचा हुकूम – त्यावरचे सगळे प्रोग्राम नव्या मशीनवर एकदा चालवून बघा, उत्तरं जुळवा, मग निरोप द्या. एकशे बारा प्रोग्राम, पाच दिवस, आणि माणूस एकच. मी.

आज एकोणीस झाले. सतरा निमूट चालले, दोन रुसले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "दमलीस?" म्हटलं, दमले नाही, पिकले.

मंगळवार, ५ मार्च

आज यादीत दशांशबाईंचा प्रोग्राम आला. हात थांबलाच एकदम.

दशांशबाई हे नाव आम्हीच ठेवलेलं. धातूत पडलेली चीर कशी वाढत जाते, त्यावर त्यांचं संशोधन. चहा किती घेणार विचारलं तरी चार दशांश स्थळांपर्यंत सांगतील, असं आम्ही पाठीमागे म्हणायचो. समोरही म्हणायचो. त्या हसायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यावर ठपका आला – छापलेल्या तक्त्यातले आकडे मनचे घातलेत. चौकशी समितीने त्यांचाच प्रोग्राम त्यांच्यादेखत जुन्या मशीनवर चालवला. अठ्ठेचाळीस आकड्यांपैकी एकही जुळला नाही! महिन्याभरात त्यांची खोली रिकामी झाली. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. जिन्यात भेटल्या, मी वाट दिली, बोलले नाही.

नव्या मशीनवर प्रोग्राम सुरूच होत नाही. "लायब्ररी सापडत नाही." उद्या बघू.

बुधवार, ६ मार्च

प्रोग्राम एकटा काही करत नाही. वर्गमूळ काढणं, फासे टाकणं असली कामं तो चालताना लायब्ररीकडून, म्हणजे मशीनवर ठेवलेल्या तयार कामांच्या गठ्ठ्याकडून, करून घेतो, आणि कुठल्या आवृत्तीची लायब्ररी हवी ते नावानिशी मागतो. दशांशबाईंचा प्रोग्राम तिसरी आवृत्ती मागतोय. नव्या मशीनवर ती नाही. जुन्यावर तो चालतो, म्हणजे तिथे असणार. म्हटलं, तिथून उचलून आणावी.

उचलायला गेले तर तिसरी तिथेही नाही. आहे ती नुसती लिंक – नाव तिसरीचं, दार उघडतं पाचवीचं. प्रोग्रामने तिसरी मागितली की त्याला गुपचूप पाचवी मिळते. तक्रार नाही, एरर नाही.

असला जुगाड कुणी केला म्हणून बघितलं. लिंक करणाऱ्याच्या जागी माझं नाव. शुक्रवार, दुपारी चार पन्नास. चौकशीच्या अकरा दिवस आधी.

डबा तसाच परत नेला.

गुरुवार, ७ मार्च, सकाळ

आठवलं सगळं. डिस्क भरत आली होती. अडगळ काढावी म्हणून जुन्या लायब्रऱ्या उडवल्या – पाचवी आहे की, तिसरी कशाला हवी! मग दुपारी वीसएक प्रोग्राम बंद पडले, फोनवर फोन. मी लिंक केली, सगळे चालू लागले, पाचच्या बसने घरी. खूश होते. हुशारी केली असंच वाटत होतं.

नोंदवहीत लिहिलं नाही. नवं काही बसवलं तर लिहायचं, असा नियम. साफसफाई कोण लिहितं? घर झाडल्याची कुणी नोंद ठेवतं का?

आणि मग समितीचं पत्र आलं – "गेल्या सहा महिन्यांत मशीनमध्ये काही बदल?" मी नोंदवही उघडली. पान कोरं. मी लिहिलं, "नाही." सही केली. माझं न लिहिणंच मी पुरावा म्हणून दिलं!

गुरुवार, संध्याकाळ

बॅकअपच्या डिस्कवर खरी तिसरी सापडली. नव्या मशीनवर बाजूला ठेवली आणि प्रोग्रामला तिच्याकडे वळवलं. दशांशबाईंच्या प्रोग्राममध्ये फासे फार – चीर डावीकडे जाईल की उजवीकडे, ते दर पावलाला फासा ठरवतो. सुरुवातीचा आकडा तोच दिला की फासे त्याच क्रमाने पडतात, म्हणून उत्तर तेच यायला हवं. पण पाचवी फासे वेगळ्या रीतीने टाकते. एवढंच. एवढंच होतं!

वीस मिनिटं लागली. छापील तक्ता शेजारी धरला. पहिला आकडा जुळला. दुसरा. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, चारही दशांश स्थळं.

खुर्चीत बसून रडले. दार लावून घेतलं होतं.

त्या मला विचारायला आल्या होत्या तेव्हा. "ताई, आठवून बघा ना, मशीनमध्ये काहीतरी बदललंय." मी म्हटलं, नोंदवहीत काही नाही. त्या वळल्या तशी मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." बाई अजून दारातच होत्या.

शुक्रवार, ८ मार्च

ह्यांना सकाळी सांगितलं. मग म्हणाले, "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुझ्या." मी म्हटलं, माहीत आहे. "मग सांगणारच आहेस?" म्हटलं, हो. "मग मला कशाला विचारतेस?" म्हटलं, विचारत नाहीये, सांगतेय. डबा भरून हातात दिला माझ्या. रोज मी भरते.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. त्या समितीवर तेही होते. म्हणाले, "जुनी मढी कशाला उकरता? तिचा निष्कर्ष तसाही टिकला नसता. फासे बदलल्यावर जो निष्कर्ष बदलतो, तो कच्चाच." हे खरं आहे. मीही काल तेच ताडून पाहिलं – सुरुवातीचे वेगळे आकडे देऊन दहा वेळा चालवला, तीन वेळाच बाईंसारखा निष्कर्ष आला. पण मी म्हटलं, "साहेब, कच्चं काम केलं म्हणून त्यांना काढलं नव्हतं. खोटं केलं म्हणून काढलं." साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मशीन आज जातंय ना?"

भंगारवाले दोघं अकराला गाडा घेऊन आले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आज नाही. थोरला म्हणाला, "बाई, कागदावर आजची तारीख आहे." म्हटलं, असू दे, कागद माझ्याकडे बरेच आहेत! धाकटा हसला. मला हसू आलं नाही. गाडा रिकामा गेला. आजवर साहेबांचा शब्द कधी मोडला नव्हता.

शनिवार, ९ मार्च

दूध उतू गेलं. दोनदा.

सोमवार, ११ मार्च

पत्र दिलं, वरपर्यंत. तिसरी कुणी उडवली, लिंक कुणी केली, "नाही" कुणी लिहिलं – सगळीकडे "मी". कर्त्याशिवाय वाक्यं लिहायची सवय असते ना ऑफिसात – उडवण्यात आली, करण्यात आली – पहिला मसुदा तसाच उतरला होता. फाडला. छापील आणि नव्या मशीनवरचा, असे दोन्ही तक्ते आणि लिंकच्या तारखेचा उतारा सोबत जोडला.

साहेबांनी पोच दिली. मान वर केली नाही. माझं कपाट कुलूपबंद करून किल्ली मागितली माझ्याकडून. दिली. पुढे काय ते दिसेल. घाबरलेय, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १२ मार्च

दशांशबाईंचा पत्ता मिळाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने फोनवर आधी ओळखच दाखवली नाही. मी कारण सांगितल्यावर म्हणाली, "फोनवर नका सांगू तिला. समोर जा."

बुधवार, १३ मार्च

चष्म्याच्या दुकानात आहेत, काचांचे नंबर तपासतात. मागच्या खोलीत बसलो. कागद पुढे ठेवले, पहिल्यापासून सांगितलं. दारातलं बोललेलंही. त्यांनी मध्ये तोडलं नाही. दोन्ही तक्त्यांवर बोट ठेवून ओळ न् ओळ लावून पाहिली, दोनदा. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आकडे बदलले नव्हते?"

मला कळेचना. म्हटलं, बाई, तुम्हाला तर माहीत होतंच!

"नाही हो. एवढी माणसं सांगत होती. मला वाटलं, बदलले असणार मीच. कधी बदलले, तेवढंच तीन वर्षं आठवत बसलेय."